काडतूस महाग म्हणजे नेम अचूक?



'महागडे काडतूस घेतले की नेम साधतो, ०.२२ इंची सारी काडतुसे सारखीच' हे याच सदरातील विधान नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलांची दिशाभूल करणारे असल्याने त्याचा प्रतिवाद आवश्यक ठरतो. ०.२२ च्या रिमफायर काडतुसावर, म्हणजे ज्याचे स्फोटक मिश्रण पितळी कवचाच्या तळाच्या कडेत भरलेले असते आणि त्या कडेवर आघात होताच पेटते अशा काडतुसावर, ५० मीटर रायफलचा खेळ अवलंबून आहे. त्यात तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या ठरल्या आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. या खेळात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि प्रत्येक नळीची कंपने वेगळी असल्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन उत्पादन-गटांतील काडतुसेही एकाच रायफलीतून निरनिराळा पुंजका देतात. म्हणूनच जाणते नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून गटागटाची चाचणी घेतात व जुळलेला गटच साठवतात. स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलाला मात्र यंत्रणा निश्चितपणे मागे ढकलण्याइतका जोर लागतो, त्यामुळे रायफलीला मानवणारे काडतूस तिथे अडकू शकते.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे, कारण 'लाँग रायफल' हे ०.२२ चे नेहमीचे काडतूस रुंद कोठीच्या ०.२२ मॅग्नम शस्त्रात घातल्यास कवच फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. नळीवर कोरलेले नाव आणि डबीवरचे नाव तंतोतंत जुळल्याशिवाय काडतूस भरू नये.

एक वाचक,
भवानी पेठ, सोलापूर