लेगपीस कुणाचा?

मंडळी, घरी चिकन विंग्ज करायचे म्हटलं की हमखास एक प्रश्न येतो, "त्यात खायला असतं काय? नुसती हाडं!" विचारणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि त्याने जन्मभर लेगपीस खाल्लेला असतो. आईच्या ताटात वर्षानुवर्षं पंख आणि मानच पडत आली, तेव्हा बरी कुणाला हाडं दिसली नाहीत!

आमच्या लालबाग-परळकडच्या कितीतरी घरांत (गिरगाव-दादरकरांनी हसू नये, तुमच्याकडेही तेच) रविवारच्या कोंबडीची वाटणी ठरलेली. कोंबडीला पाय दोनच. एक कर्त्या पुरुषाला, एक मुलाला. जावई आला की मुलाचाही गेला. चांगले तुकडे पोरांना. आणि जिने वाटण वाटलं, रस्सा उकळला, वडे तळले, तिला सगळ्यांच्या शेवटी मान आणि पंख. वर तिनेच म्हणायचं, "मला पंखच आवडतात गं." आवडतात? निवडायला होतं काय? याला त्याग म्हणू नका, मंडळी. त्याग म्हटलं की हात जोडून आपण मोकळे होतो. ही वाटणीतली लबाडी आहे.

याच गिरणगावात बायका आपल्या खोलीत खानावळ चालवून गिरणी कामगारांना जेवू घालत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चुलीपुढचं काम हेही कामच, त्याला दाम असतो, हे तिथे ठणकावून सांगितलं गेलं. पण घरातल्या पातेल्यातला कुठला तुकडा कुणाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

गंमत बघा. अमेरिकेतल्या बफेलो शहरात 1964 साली अँकर बारच्या टेरेसा बेलिसिमो यांनी पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळवले, असं सांगतात. तोवर तिथेही पंख बहुतेक सूपच्या पातेल्यातच जायचे. पुढे त्यांना भाव आला आणि फिरत फिरत ते लोअर परळला, जुन्या गिरण्यांच्या आवारातल्या पबांत पोचले. आईच्या ताटात होतं ते उरलंसुरलं, इथे तेच स्टार्टर!

म्हणून माझं म्हणणं, विंग्ज घरीच करा, आणि किलोभर करा. ताटात सगळे तुकडे सारखे. मानाचा तुकडाच नाही, तर मान कुणाचा राखणार?

आता कृती. एका कोंबडीला पंखही दोनच, म्हणून चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि साल काढू नकोस म्हणून बजावा. आपल्याकडे तो न विचारताच सोलतो, आणि विंग्जची सगळी मजा कुरकुरीत सालीत. सांध्यावर कापून टोकं रश्श्याला बाजूला ठेवा. तुकडे अगदी कोरडे पुसा, मांसल भागाला चिरा द्या. दोन चमचे आलं-लसणाचं वाटण, दोन लहान चमचे मीठ, हळद आणि तीन चमचे घरचा मसाला चोळा. हा मसाला उन्हाळ्यात लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या आणून डंकावर कुटलेला असेल तर बाटलीतल्या सॉसची गरजच नाही. रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी. रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्या. मीठ आत शिरतं, तिखट वरवरच राहतं, म्हणून मिठात कंजुषी नको. दही घालू नका, पाणी सुटून साल मऊ पडते. लिंबूही रात्रभर नको, मांस पिठूळ होतं. शेवटी दोन चमचे तांदळाचं पीठ भुरभुरा, तव्यावर बेताचं तेल टाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं झाकून, मग झाकण काढून उलटसुलट करत खरपूस होईतो भाजा. हाडाजवळ लाली दिसली तर अजून ठेवा. लिंबू वाढताना पिळा.

कुणी म्हणेल, समताच हवी तर किलोभर लेगपीसच आणा की! आणा, माझी हरकत नाही. पण खरी मेख तव्यापाशी आहे. विंग्ज गरमच खायचे, आणि एका तव्यावर किलोभर मावत नाहीत. तीन खेपा होतात. म्हणजे सगळे खाणार आणि ती उभीच राहणार, तर कोंबडीचा तुकडा बदलून काय मोठा उजेड पडला?

तेव्हा आमच्या घरचा नियम सांगते. ज्याने मुरवलं, त्याने पहिल्या खेपेला बसून खायचं. आणि "त्यात खायला असतं काय" असं ज्याने विचारलं, त्याने दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तव्यापुढे उभं राहायचं. काका-मामांनो, रागावू नका. गटारीला या, उलथनं तयार ठेवते.