‘खडूच तर आहेत!’

भोरहून वरंध घाटाकडे जाताना नीरा-देवघर धरणाचं पाणी लागतं. मे महिन्यात ते उतरतं आणि बुडालेल्या शेतांचे बांध वर येतात. भेगाळलेला गाळ, त्यातून एकामागून एक उठणाऱ्या बांधांच्या रेघा, मागे करपलेला डोंगर. हे मी मेणखडूंनी काढलं. चौदा बाय वीस इंचांचा जाड कागद, कामाचे अकरा दिवस. एका समूह प्रदर्शनात ते लावलं आणि किंमत ठेवली नऊ हजार.

एक गृहस्थ चित्रासमोर बराच वेळ थांबले. आधी लांबून पाहिलं, मग जवळ आले, पुन्हा मागे गेले. चित्राने त्यांना धरलं होतं यात शंका नाही. मग त्यांनी खालची चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहराच बदलला. “खडूंचं आहे? नऊ हजार? अहो, खडूच तर आहेत! आमची नात रोज काढते.”

आजवर या वाक्यावर मी नुसती हसत आले. आता हसायचं नाही असं ठरवलंय, कारण हे एका माणसाचं अज्ञान नाही. ही आपण सगळ्यांनी मिळून जोपासलेली समजूत आहे.

तिची सुरुवात शाळेत होते. बालवाडीत हातात खडू येतात. जरा मोठं झालं की जलरंगांची पेटी, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीला पोस्टर कलर, आणि कुणी कला महाविद्यालयापर्यंत पोचलंच तर तैलरंग आणि कॅनव्हास. या क्रमाला शिकवण्याच्या सोयीपलीकडे काही अर्थ नाही. खडूला पाणी लागत नाही, तो सांडत नाही, स्वस्त असतो, म्हणून तो लहानांच्या हाती देतात. पण या सोयीची आपण उतरंड केली. खडू म्हणजे पहिली पायरी, आणि मोठ्या माणसाच्या हातात तो दिसला की हा अजून वर चढलाच नाही! याच न्यायाने पेन्सिल तर पहिलीतच टाकून द्यायला हवी होती.

इतिहास काही वेगळंच सांगतो. जपानमध्ये कानाए यामामोतो हा चित्रकार मुलांना नकला करायला लावणाऱ्या चित्रकला-शिक्षणाविरुद्ध उभा राहिला. मुलांनी डोळ्यांना दिसेल ते मोकळेपणाने काढावं, असा त्याचा आग्रह होता. त्या वातावरणात साकुरा कंपनीने १९२५मध्ये तेलखडू बाजारात आणले. पुढे १९४९मध्ये पॅरिसच्या आंरी सेनेलिए या रंग बनवणाऱ्याने खास पिकासोसाठी उत्तम प्रतीचे तेलखडू तयार केले. म्हणजे मुलांसाठी निघालेली वस्तू पंचवीसेक वर्षांत पिकासोच्या टेबलावर गेली. आपल्याकडे ती अजून दप्तरातच आहे.

आता ‘खडूच तर आहेत’ यातल्या ‘च’कडे वळू. मेणखडूत रंग पॅलेटवर कालवता येत नाही. हवा तो रंग कागदावरच, थरावर थर देऊन मिळवावा लागतो. एका मर्यादेनंतर कागद मेण घेत नाही. वरचा थर नुसता घसरतो. चूक झाली तर पुसायची सोय नाही, फार तर पात्याने खरवडता येतं. आणि कागदाच्या खरबरीत पोतामुळे रंगाच्या मधूनमधून पांढरे ठिपके शिल्लक राहतात. वाळलेल्या गाळावरचं दुपारचं ऊन मला दुसऱ्या कशाने दाखवता आलं नसतं. जलरंगात ते करून पाहिलं, चिखल ओला दिसायला लागला. खडू मी परवडतात म्हणून घेतले नाहीत. त्या जागेला ते हवे होते.

किमतीचा हिशेब सामानावरून लावायचा तर सरळ लावू. कवितासंग्रह कागदाच्या भावाने विकू, गाणाऱ्याला फक्त चहाचे पैसे देऊ. तिथे आपण असं म्हणत नाही. चित्रापाशी आलं की मात्र गिऱ्हाईक चौरस इंच मोजतं. त्याच प्रदर्शनात माझ्या शेजारी कॅनव्हासवर छापलेलं आणि वरून थोडा ॲक्रिलिक फिरवलेलं एक धुकट देऊळ होतं. ते चौपट किमतीला पहिल्याच दिवशी गेलं. त्याच्या चित्रकाराबद्दल माझी तक्रार नाही, त्यालाही घर चालवायचंय. पण घेणाऱ्याने कॅनव्हासला पैसे मोजले की चित्राला, हे एकदा स्वतःला विचारावं.

खडूच्या चित्राबद्दल एक आक्षेप मात्र खरा आहे: ते टिकेल का? शाळकरी खडूंतले काही रंग उजेडात उडतात. मेणावर कधी पांढुरकी साय धरते. काच थेट चिकटली तर रंग तिला लागतो, आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या भिंतीवर मेण मऊ पडतं. चांगले रंगद्रव्य असलेले खडू, आम्लरहित कागद, माउंट घालून काचेपासून अंतर राखणारी फ्रेम, थेट ऊन न येणारी भिंत, एवढं सांभाळलं तर चित्र टिकतं. गिऱ्हाइकाने हे जरूर विचारावं आणि चित्रकाराने न चिडता, खरं सांगावं. नऊ हजार देणाऱ्याचा तो हक्कच आहे. त्या गृहस्थांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांना फक्त नात आठवली. (आणि त्या नातीची चित्रं त्यांनी कधी इतका वेळ थांबून पाहिली असतील का, ही शंका मला आहेच.)

पण सगळा दोष गिऱ्हाइकावर टाकून मला सुटता येणार नाही. ही समजूत पोसण्यात आम्ही चित्रकार पुढे आहोत. खडू वापरायचे आणि चिठ्ठीवर ‘मिश्र माध्यम’ लिहायचं, ही आमच्यातली जुनी युक्ती. हे मीही केलंय, एकदा नव्हे, तीन प्रदर्शनांत. आयोजकांपैकी एकाने प्रेमाने सुचवलं होतं, “मॅडम, क्रेयॉन लिहू नका, भाव पडतो.” मी ऐकलं. त्यांपैकी दोन चित्रं विकलीही गेली. ज्यांनी ती घेतली त्यांच्या भिंतीवर खडूचं चित्र आहे आणि त्यांना ते ठाऊक नाही. म्हणजे ते काचेला चिकटू देऊ नये, उन्हात टांगू नये, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नाही. भाव राखायला मी माध्यम लपवलं आणि चित्रच धोक्यात घातलं. ज्या माध्यमाची आपल्यालाच लाज वाटते, त्याला दुसऱ्याने मान द्यावा असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

त्या दोघांना मी आता फोन करून सगळं सांगितलंय. एकाने फ्रेम बदलून घेतली. दुसऱ्याने पैसे परत मागितले. ते मी दिले आणि चित्र घरी आणलं.

वरंध घाटाचं चित्रही अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या प्रदर्शनात दोन्ही लावणार आहे. चिठ्ठीवर लिहीन: मेणखडू, कागदावर. किंमत नऊ हजारच.