बाळाच्या पायातल्या यंत्राची परीक्षा बाळावरच व्हावी

तान्ह्या बाळाच्या पायात मोज्यासारखा घालायचा किंवा छातीवर चिकटवायचा, नाडी आणि रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी मोजून आईबापांच्या मोबाइलवर पाठवणारा संवेदक आता ऑनलाइन सहज मागवता येतो. अशा वस्तू विकताना ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ अशी ओळ बारीक अक्षरांत छापण्याची सोय विक्रेत्यांना फार आवडते. पण रात्री तीन वाजता ‘ऑक्सिजन कमी’ अशी सूचना वाजली, की आईबाप ती ओळ शोधत बसत नाहीत. बाळाला उचलून ते रुग्णालय गाठतात. ज्या आकड्यावर घर असा निर्णय घेते, तो आकडा दाखवणाऱ्या यंत्राची परीक्षा वैद्यकीय उपकरणाइतकीच कडक झाली पाहिजे. ती बाळांवरच आणि ती बाळे जिथे राहतात तिथेच झाली पाहिजे.

हा आग्रह का, हे फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी 2018 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले. बाजारात मिळणारी दोन यंत्रे त्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या सहा महिन्यांपर्यंतच्या 30 बाळांना लावली आणि त्यांचे आकडे रुग्णालयातील प्रमाणित पल्स ऑक्सिमीटरशी ताडून पाहिले. त्यांतल्या ‘आउलेट’ मोज्याने ऑक्सिजन घसरल्याचे ओळखले, पण त्यात सातत्य नव्हते. ‘बेबी विडा’ला तर ही घसरण एकदाही कळली नाही, उलट नाडी ठीक असताना ती मंदावल्याचे त्याने दाखवले. खोटा इशारा निदान डॉक्टरकडे तरी नेतो. खोटा दिलासा आजारी बाळाला घरातच ठेवतो, म्हणून मला तो अधिक भीतिदायक वाटतो.

मोठ्या माणसांवर तपासलेले तंत्र बाळांनाही चालेल, हे गृहीतकच कच्चे आहे. पल्स ऑक्सिमीटरची अचूकता तपासताना निरोगी प्रौढ स्वयंसेवकांचा ऑक्सिजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केला जातो. बाळांवर असे करणे अमानुष ठरेल, आणि ते कोणी करूही नये. पण बाळाचा पाय लहान असतो, सतत हलतो, थंडीत त्यातला रक्तप्रवाह मंदावतो. त्यात कातडीच्या रंगाचा प्रश्न. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, 2013 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा चाचणीत किमान 10 माणसे पुरेशी होती, आणि त्यांत गडद वर्णाची दोन किंवा 15 टक्के, यांपैकी जी संख्या जास्त असेल तेवढी. पुढे 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवले, की ऑक्सिमीटरच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होती. ते रुग्ण प्रौढ होते. तरीही मेळघाटातल्या वा मराठवाड्यातल्या सावळ्या बाळाच्या पायात परदेशी मोजा घालताना हा निष्कर्ष विसरता येणार नाही.

आकडा अचूक असला तरी काम संपत नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चाइम’ या अमेरिकी अभ्यासात हजाराहून अधिक बाळांवर घरी लक्ष ठेवण्यात आले. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकीही 40 टक्क्यांहून अधिक बाळांचा श्वास किंवा नाडी कधी ना कधी इशाऱ्याच्या रेषेपर्यंत गेली. म्हणजे यंत्र खरे बोलत असतानाही निरोगी बाळाच्या घरात घबराट उडू शकते. अमेरिकन बालरोग अकादमीने 2022 मध्ये पुन्हा बजावले, की झोपेतला आकस्मिक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून ही घरगुती यंत्रे वापरू नयेत. बाळाला पाठीवर झोपवणे आणि अंथरुणात उशा, जाड पांघरुणे न ठेवणे, हे जीव वाचवणारे उपाय फुकट आहेत.

‘बाळांवर प्रयोग कशाला?’ हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. नवजात अतिदक्षता कक्षातले बाळ आधीच प्रमाणित मॉनिटरवर असते. शेजारी दुसरा संवेदक लावून दोन्हींचे आकडे ताडून पाहण्यात, कातडीची काळजी घेतली तर, धोका अगदी थोडा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 2017 मध्ये मुलांवरील संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. पालकांची लेखी संमती, नैतिकता समितीची मंजुरी हे सारे त्यात आहे. याउलट न तपासलेले यंत्र हजारो घरांत विकणे हाही प्रयोगच आहे, फक्त त्याला कोणाची संमती नाही आणि त्याची नोंदही नाही. परीक्षेमुळे नवे तंत्र मरेल, ही भीतीही टिकत नाही. मंजुरीविना विक्री केल्याबद्दल एफडीएने 2021 मध्ये ‘आउलेट’ला इशारापत्र दिले. कंपनीने मोजा बाजारातून काढला, आणि 2023 मध्ये पुरावे मांडून रीतसर मंजुरी मिळवली.

गरीब भागांत असे संवेदक खरोखर हवे आहेत, हेही मी मान्य करते. जिथे एका परिचारिकेवर अनेक नवजात बाळांचा भार आहे, तिथे तारांवाचून चालणारे यंत्र जीव वाचवू शकेल. पण तिथे काय चालते, हे तिथेच कळते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजण्याचे साधे साधन केले, ते मण्यांचे आणि वाळूच्या घड्याळाचे. आकडे न वाचता येणाऱ्या सुईणींच्या हातात देऊनच ते पारखले गेले. बाळाचा श्वास मोजणाऱ्या साधनाची कसोटी कुठे घ्यायची, याचा धडा महाराष्ट्राने तीन दशकांपूर्वीच घालून दिला आहे.

भारतात एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे बाळाची नाडी, श्वास किंवा ऑक्सिजन मोजून इशारा देणारी प्रत्येक वस्तू, तिच्या खोक्यावर काहीही छापलेले असो, वैद्यकीय उपकरणच मानली जाईल, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी स्पष्ट करावे. परवान्यासाठीच्या चाचण्यांत सरकारी रुग्णालयांतील नवजात कक्ष आणि आदिवासी भागातील उपजिल्हा रुग्णालये असावीत. यंत्र किती बाळांवर, कोणत्या वयात आणि वर्णात तपासले, किती वेळा चुकले आणि एका रात्रीत सरासरी किती खोटे इशारे देते, हे चार आकडे खोक्यावर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करावे.