तापाच्या दोन वाटा

इंग्रजीतलं ‘फीव्हरिश’ हे विशेषण अंगातल्या कणकणीलाही लागतं आणि कामाच्या झपाटलेल्या धांदलीलाही. चिनी भाषकांना पहिला अर्थ चटकन समजतो. अडतं ते दुसऱ्यापाशी. चिनीतही ताप आजारापुरता उरलेला नाही. ताप येणं म्हणजे ‘फाशाओ’, आणि उंची ध्वनियंत्रणांचं वेड असलेला माणूस म्हणजे ‘फाशाओयोउ’, तापातला सोबती. १९८०च्या दशकात चीनमध्ये परंपरा आणि पाश्चात्त्य विचार यांवर वादचर्चेची लाट उसळली, तिच्या नावातही ‘संस्कृती’ला जोडून ‘उष्णता’ हा शब्द आला. म्हणजे चिनी ताप ओढीकडे, छंदाकडे वळतो. इंग्रजी विशेषणात मात्र घाई आणि अस्वस्थता मिसळलेली असते. अखेरच्या घटकेच्या तशा तयारीला चिनी माणूस ‘चिनचांग’, म्हणजे ताणलेली, म्हणतो. म्हणून नुसता अर्थ पाठ करून भागत नाही, सोबतचा शब्द पाहावा लागतो. ‘आय फील फीव्हरिश’ म्हटलं की ताप. ‘फीव्हरिश प्रिपरेशन्स’ किंवा ‘फीव्हरिश पेस’ म्हटलं की लगबग. ‘आज ऑफिसात मी फीव्हरिश होतो’ असं सांगितलं, तर ऐकणारा तब्येतीचीच चौकशी करेल. धावपळीच्या दिवसाला ‘हेक्टिक’ म्हणावं. इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: हे विशेषण एकटं शिकवू नका, त्याच्या नेहमीच्या नामांसकट शिकवा. आणि विद्यार्थ्याच्या मातृभाषेतला ताप कुठे वळतो, ते आधी समजून घ्या.