लगाम कोणाला घालायचा?

इंटरनेटने लोकशाही नासवली, त्याला लगाम घाला, असे म्हणणारे हटकून राईनपाड्याचे नाव घेतात. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या या पाड्यावर १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसांना मारून टाकले. व्हॉट्सॲपवर अफवा फिरत होती, हे खरेच. पण ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते, गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. भटक्यांवरचा हा संशय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याइतका तरी जुना आहे; मोबाइलने त्याला फक्त वेग दिला. आणि त्यांना कोंडून मारले ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! गावाच्या कारभाराची खोली परक्या माणसाला आसरा देऊ शकली नाही, ही लाज आपण यंत्राच्या माथी मारणार का?

बरे, लगाम घातला की तो बसतो कोणाला? २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणारी एक तरुणी आणि तिला ‘लाइक’ देणारी तिची मैत्रीण, दोघींना पालघरमध्ये अटक झाली. त्या अटकेत वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तोवर त्या कलमाने अफवा थांबल्या नव्हत्या.

इंटरनेटचे खरे मोल वेगळ्याच ठिकाणी आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे चौथे कलम सांगते की सरकारी कार्यालयांनी कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावी. त्यासाठीच्या साधनांत इंटरनेटचे नाव कायद्यातच आहे. आज ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. रोजगार हमीच्या संकेतस्थळावर कोणाच्या नावे किती दिवसांची मजुरी निघाली, ते दिसते. पूर्वी याच कागदांसाठी ग्रामसेवकाच्या दारात खेटे घालावे लागत.

‘हे बघतो कोण? लोक रील बघतात,’ असा आक्षेप येईल. बघणारे थोडे आहेत, मान्य. पण दहा जणांनी बघितले तरी सरपंचाला उत्तर द्यावे लागते, मात्र ते दहा जण ग्रामसभेत उभे राहिले पाहिजेत. संतापाचा मेसेज पुढे ढकलून नागरिकाचे कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांशीही माझे भांडण आहे.

म्हणून विनंती एवढीच: पुढच्या ग्रामसभेआधी आपल्या पंचायतीचा खर्च उघडून बघा, त्याची छापील प्रत घेऊन सभेला जा आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.