फुकटच्या कॉम्प्युटरचे वीजबिल

कुठल्यातरी ऑफिसने टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर घरी आला की घरातल्या तरुण मुलाला हमखास एक कल्पना सुचते. याचा फायरवॉल राउटर करू. म्हणजे बाहेरून येणारी इंटरनेटची वायर आधी या कॉम्प्युटरमध्ये घालायची, त्यावर पीएफसेन्स, ओपीएनसेन्स किंवा आयपीफायर यांपैकी एखादी मोफत प्रणाली बसवायची आणि घरातले मोबाइल, टीव्ही, कॅमेरे सगळे त्याच्या मागे ठेवायचे. आत काय यावे आणि बाहेर काय जावे, हे मग आपण ठरवतो. कल्पना चांगली आहे, तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझा आक्षेप आहे तो त्या जुन्या कॉम्प्युटरला.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. नेटवर्किंग हा माझा विषय नव्हे. पण मी मालेगावची आहे, आणि यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला विजेचा हिशेब कुणी वेगळा शिकवावा लागत नाही. मोटार किती हॉर्सपॉवरची, शिफ्ट किती तासांची, युनिटे किती पडली, हे आमच्याकडे जेवताना बोलले जाते. आश्चर्य याचे वाटते, की ज्या घरात मागाच्या मोटारीचा हिशेब पैशापैशाने होतो, त्याच घरात कोपऱ्यात चोवीस तास घुमणाऱ्या कॉम्प्युटरकडे कुणी मीटरच्या नजरेने पाहत नाही.

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्याने असाच एक डेस्कटॉप आणला आणि मला उत्साहाने दाखवला. म्हणाला, "खाला, एक रुपया लागला नाही. फक्त एक जादा नेटवर्क कार्ड घ्यायचंय." मी त्याला विचारले, "आणि हा रात्रीही चालूच राहणार ना?" तो म्हणाला, "राउटर आहे, बंद कसा ठेवणार?" तिथेच सगळा हिशेब आहे.

एक वॉट वर्षभर अखंड चालला, तर ८.७६ युनिटे होतात. चोवीस गुणिले तीनशे पासष्ट, भागिले हजार. एवढा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप मॉनिटरशिवाय, काही काम न करता नुसता चालू असला तरी साधारण पन्नास ते सत्तर वॉट खातो. साठ धरू. महिन्याला ४३ युनिटे, वर्षाला सव्वापाचशे. आता याच कामासाठी बनवलेला, पंख्याशिवायचा छोटा डबा घ्या. तो दहा वॉटच्या आसपास चालतो. महिन्याला सात युनिटे, वर्षाला ८८. फरक ४३८ युनिटांचा. हिशेबाला सोपे म्हणून युनिटचा दर दहा रुपये धरला, तर वर्षाला ४,३८० रुपये. फुकटचा कॉम्प्युटर तीन वर्षांत तेरा हजारांवर जातो.

आणि यात घराचा सरासरी दर लावायचा नसतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्यांनी वाढतात : पहिली शंभर युनिटे, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यापुढे. ज्या घराचा वापर महिन्याला नव्वद युनिटांचा आहे, त्यात ४३ युनिटांची भर पडली की त्यातली ३३ युनिटे थेट दुसऱ्या, महाग टप्प्यात जातात. चोवीस तासांचे नवे यंत्र नेहमी घरातल्या सर्वांत महाग युनिटांवर चालते. म्हणून हिशेब करताना बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर पाहावा.

हे फक्त घराचे नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाला, शाळांना, अभ्यासिकांना जुने कॉम्प्युटर देणगी म्हणून मिळत असतात. देणाऱ्याची नियत चांगली असते. फोटो निघतो, आभार मानले जातात, आणि त्यानंतरचे बिल त्या संस्थेच्या महिन्याच्या वर्गणीतून जाते. दिवसातून दोन तास मुलांनी टायपिंग शिकण्यासाठी तो कॉम्प्युटर वापरला, तर ती देणगी सोन्यासारखी आहे. दोन तासांचे साठ वॉट म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटे. पण त्याच यंत्राला राउटर करून चोवीस तास बसवले, तर देणगी देणाऱ्याने वर्षाला पाच हजारांचे बिलही सोबत दिले, असे म्हणायला हवे. देणगी घेताना हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

डब्यावर किंवा जाहिरातीत लिहिलेल्या वॉटवर मात्र विसंबू नये. प्रोसेसरपुढे 'टीडीपी ६ वॉट' असे लिहिलेले असते. तो आकडा एकट्या प्रोसेसरचा, आणि तोही त्याची उष्णता बाहेर काढण्याच्या हिशेबाने दिलेला. मेमरी, डिस्क, नेटवर्कची पोर्टे आणि ॲडॉप्टरमध्ये वाया जाणारी वीज त्यात नसते. इंटेलचा एन१०० हा २०२३ मध्ये आलेला प्रोसेसर सहा वॉटचा म्हणून ओळखला जातो, पण चार पोर्टांचा पूर्ण डबा भिंतीतून त्यापेक्षा बराच जास्त खेचतो. मोजायचे असेल तर प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर मिळतो. तो नसेल तर घराच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा आहेच. मीटरवर '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असे काहीसे छापलेले असते. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त ते यंत्र चालू ठेवा आणि घड्याळ घेऊन बसा. ३२०० च्या मीटरवर साठ वॉटला दिवा साधारण १९ सेकंदांनी लुकलुकेल, दहा वॉटला जवळपास दोन मिनिटांनी. सातवीच्या मुलांना त्रैराशिक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. (गणिताचे सर म्हणतात, तुमचा तास आम्हाला द्या. मी म्हणते, तुम्ही व्याकरण घ्या.)

मग घ्यायचे काय? आधी आपल्या जोडणीचा वेग पाहा. आमच्याकडे बहुतेक घरांत शंभर एमबीपीएसची लाइन आहे. एवढ्यासाठी फार ताकद लागत नाही. या छंदातल्या लोकांचा लाडका बोर्ड बरीच वर्षे स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्स कंपनीचा एपीयू२ होता. एक गिगाहर्ट्झचा चार कोरांचा एएमडी प्रोसेसर, इंटेलची नेटवर्क पोर्टे, पंखा नाही, आणि सगळे मिळून सहा ते दहा वॉट. २०२३ मध्ये कंपनीने तो बंद करत असल्याचे जाहीर केले. आज त्याची जागा एन१०० किंवा त्याआधीच्या जे४१२५ प्रोसेसरच्या डब्यांनी घेतली आहे. यातले बरेच डबे अनोळखी नावांचे असतात आणि त्यांच्या बायोसचे अपडेट मिळणे कठीण असते. ज्या वस्तूवर घराची सुरक्षा सोपवायची तिच्याबाबत हे मला खटकते.

ताकद वाढवण्याआधी एक गोष्ट तपासा. केबलवाल्यांच्या अनेक जोडण्यांना पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड देऊन, लॉगिन करावे लागते. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ज्या फ्रीबीएसडीवर उभ्या आहेत, तिथे हे काम बरीच वर्षे मुख्यतः एकाच कोरवर पडत आले आहे. गिगाबिटची लाइन असेल, तर चार संथ कोरांपेक्षा एका कोरचा वेग महत्त्वाचा. शंभर एमबीपीएसला काही फरक पडत नाही. नेटवर्कची पोर्टे इंटेलची असतील तर फ्रीबीएसडीवर सुखाने चालतात. रियलटेकची असतील तर डोकेदुखी होऊ शकते. लिनक्सवरच्या ओपनडब्ल्यूआरटी किंवा आयपीफायरमध्ये रियलटेकचा त्रास सहसा कमी. एवढे पाहून घेतले की पुरे. आत येणारे प्रत्येक पाकीट फोडून पाहणारी सुरिकाटासारखी प्रणाली चालवायची म्हणून मोठा प्रोसेसर आणि जास्त मेमरी घेणारेही आहेत. पण आज बहुतेक वेबसाइटांची वाहतूक कुलूपबंद असते. पाकीट फोडले तरी आतले वाचता येत नाही. घरासाठी तो खर्च मला पटत नाही.

उलट, एक साधी सोय आहे तिच्यासाठी थोडी ताकद ठेवावी. घरात एकाने मोठा व्हिडिओ अपलोड करायला घेतला, की दुसऱ्याचा ऑनलाइन तास अडखळतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये 'केक' नावाची रांग लावण्याची पद्धत आहे, ती प्रत्येकाला वाटणी नीट देते. जुन्या छोट्या राउटरांना वेग वाढला की हे काम झेपत नाही. परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या दिवसांत ज्या घरात चार मुले एका लाइनवर बसतात, त्या घराला ही सोय सुरिकाटापेक्षा जास्त उपयोगी आहे.

दहा वॉटवरून सहा वॉटवर येण्यासाठी मात्र जीव टाकू नये. चार वॉटांचा फरक म्हणजे वर्षाला ३५ युनिटे, साडेतीनशे रुपये. त्यासाठी पाच हजार जास्त मोजणारे लोक मी पाहिले आहेत. साठावरून दहावर येणे ही बचत, त्यानंतरची हौस.

माझ्या भाच्याला पटले ते वेगळ्याच मुद्द्यावर. आमच्याकडे लाइट जाते. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर हवा, आणि इन्व्हर्टरवर आधी पंखे लागतात. कमी वॉटचा डबा १२ व्होल्टच्या डीसीवर चालणारा असेल, तर त्याला राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस पुरतो. इथेही लेबल वाचायला शिकले पाहिजे. त्यावर दहा हजार एमएएच लिहिलेले असते, ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टांवर. म्हणजे ३७ वॉट-तास. घट वजा जाता तीस धरा. डबा दहा वॉट आणि फायबरचे यंत्र सहा वॉट, मिळून सोळा. पावणेदोन तास निघतात. वायफायचे यंत्र वेगळे असेल तर त्याचे पाच-सहा वॉट मिळवा आणि सव्वा तासावर या. यूपीएस १२ व्होल्ट, दोन ॲम्पियरचा असेल तर एकूण २४ वॉटच देतो, तेही विसरू नका.

इथेच सेकंडहँड थिन क्लायंट मागे पडतात, नाहीतर माझी पहिली पसंती तीच असती. बँका आणि ऑफिसांतून निघालेले डेल वायस ५०७०, एचपी टी६२० प्लस असे छोटे संगणक डेस्कटॉपपेक्षा खूपच कमी वीज खातात आणि टी६२० प्लसमध्ये जादा नेटवर्क कार्डही बसते. समजा असा एखादा पाच हजारांना मिळाला आणि तोही दहा वॉटच्या आसपास राहिला, तर डेस्कटॉपच्या तुलनेत सुमारे चौदा महिन्यांत पैसे वसूल. पण त्यांना १९.५ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर ते चालत नाहीत. ज्या घरात लाइट फारशी जात नाही त्यांनी जरूर घ्यावेत.

कुणी म्हणेल, जुने यंत्र भंगारात टाकून नवा डबा घेणे हीही उधळपट्टीच. हा आक्षेप खरा आहे, त्याला वजन आहे. नवे यंत्र बनवताना वीज, धातू, पाणी सगळे खर्च होते. म्हणून तर मी सेकंडहँडच्या बाजूची. घरात पडलेला एखादा जुना राउटर ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत असेल, तर तो पाच-सात वॉटांत काम करतो आणि नवे काहीच घ्यावे लागत नाही. आधी ती यादी पाहावी. जुना लॅपटॉपही चालतो, त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. फक्त सतत चार्जिंगवर राहिलेली म्हातारी बॅटरी फुगते, तेव्हा महिन्यातून एकदा त्याला उलटा करून पाहावे. जुन्या डेस्कटॉपचे काय? तो मुलांना शिकायला द्यावा, आणि काम झाले की बटण बंद करावे.

पंखा नसण्याचा फायदा आमच्या गावात आणखी एक आहे. मागांच्या वस्तीत हवेत सुताचे बारीक तंतू असतात, ते कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन त्याची गादी होते. बिनपंख्याच्या डब्याला ही भीती नाही. पण त्याचे ॲल्युमिनियमचे अंग हाच त्याचा पंखा, म्हणून मे महिन्यात तो माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नये आणि टीव्हीवर घालतो तसा भरतकामाचा रुमाल त्यावर घालू नये. माझ्या बहिणीने घातला होता. धुळीपासून वाचावा म्हणून.

एवढे सगळे करून काय मिळते, याबद्दल भाबडे राहू नये. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरात किमान पाच लाख राउटर आणि तत्सम उपकरणे पछाडल्याचे सिस्कोच्या संशोधकांनी जाहीर केले होते. अशा घटनांनंतर जुने, अपडेट न मिळणारे राउटर किती धोक्याचे आहेत हे कळते, आणि नियमित अपडेट मिळणारी प्रणाली त्यावर इलाज आहे. पण लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल मोबाइल डेटावर कुणी उघडली, तर कोपऱ्यातल्या डब्याला ते दिसतही नाही. दुल्हाभाईंना हे दोनदा समजावावे लागले. त्यांचा समज होता की आता घरात कुणाचाच पैसा जाणार नाही.

भाच्याने शेवटी १२ व्होल्टचा, जे४१२५चा वापरलेला डबा घेतला. मीटरच्या दिव्यावर मोजला, अकरा वॉट भरला. केबलवाल्याने दिलेला जुना राउटर त्याने फेकला नाही. त्यात युजरनेम-पासवर्ड भरून, चालतो की नाही हे पाहून, कपाटात ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली : नवा डबा बंद पडला तर पिवळी वायर यात घालायची. चिठ्ठी उर्दूत आहे, कारण तो कॉलेजात असताना ती वाचणार त्याची आई.