'कॉन्व्हेंट' आणि नंदाखालची शाळा

काटेवाडीत सकाळी बारामती-इंदापूर रस्त्यावर उभे राहिले की उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढीत बारामतीकडे धावणाऱ्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या दिसतात. मुलगा कुठे शिकतो असे विचारले, तर पालक अभिमानाने सांगतात, "कॉन्व्हेंटला." ज्या शाळेचा चर्चशी किंवा धर्मभगिनींशी काडीचा संबंध नाही, तीही आता 'कॉन्व्हेंट'च. माझा नातूही अशाच एका गाडीने जातो. हे आधीच सांगून टाकलेले बरे. त्यामुळे माझा उपदेशाचा अधिकार कमी होत असेल, पण प्रश्न टळत नाही.

कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी आणि इंग्रजी म्हणजे प्रतिष्ठा, हे समीकरण ज्यांनी मनाशी पक्के केले आहे, त्यांनी वसई तालुक्यातील नंदाखालकडे पाहावे. तेथील संत जोसेफ हायस्कूल मराठी माध्यमाचे. २०२४ साली दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्याच शाळेत शिकले. हा परिसर केळी, पानवेली आणि भाजीपाल्याच्या वाड्यांचा. घरात सामवेदी कादोडी बोली, वर्गात प्रमाण मराठी आणि देवळात त्या काळी लॅटिन, अशा तीन भाषांत तिथले मूल वाढत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मराठी उपासनेत आली. शाळेच्या फळ्यावर ती त्याआधीच होती.

ह्या शिक्षणाचे फळ काय? दिब्रिटोंनी १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले, मराठीत बायबल आणले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. त्याहून आम्हांस मोलाचे वाटते ते हरित वसईचे आंदोलन. बागायती जमीन, पाणी आणि गुंडगिरी यांच्या प्रश्नावर वसईचा शेतकरी उभा राहिला, तो आपल्या भाषेत बोलत होता. शाळेने त्या समाजाला वाचा दिली होती.

अल्बर्ट हिर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक साधा विचार मांडला. संस्था बिघडली की माणसापुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. शाळेच्या बाबतीत गुणवत्तेची चाड असलेले, तक्रार करू शकणारे पालकच प्रथम बाहेर पडतात आणि मागे राहिलेल्यांची बाजू मांडणारा कोणी उरत नाही. पिवळ्या बसमधून नेमके हेच बाहेर पडणे चालले आहे. मागे राहतात ती शेतमजुरांची आणि ऊसतोड कामगारांची मुले. १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने परिसर-शाळेचा आग्रह धरला होता, तो ह्याच भीतीपोटी.

शहरांतील महागड्या मिशनरी शाळांची तरफदारी करण्याचा येथे हेतू नाही. संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला, तो योग्यच आहे. परंतु २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्यातून वगळल्या गेल्या आणि दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांचे बंधन त्यांच्यावर उरले नाही. त्या निकालाच्या योग्यतेविषयी २०२५ साली न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने शंका व्यक्त केली, हे स्वागतार्ह आहे.

"मग गरिबाच्या पोराने इंग्रजी शिकूच नये काय?" असा सवाल येईल, आणि तो रास्त आहे. मजुराची इंग्रजीची भूक खोटी नाही. तिची टवाळी करणे आपल्याला शोभत नाही. उत्तर एवढेच की उत्तम शिक्षकाकडून, विषय म्हणून इंग्रजी गावातल्या प्रत्येक शाळेत मिळाली पाहिजे. ती फी भरणाऱ्यांपुरती राहिली तर तो नवा वर्णभेद होईल.

शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. कित्येक गावांत ती कागदावरच असते. कार्यकर्त्यांनी पुढच्या सभेला जावे. शिक्षकांची रिक्त पदे किती, इंग्रजी कोण शिकवते, एवढे दोन प्रश्न विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. नातवाच्या शाळेचा वाद मी घरात हरलो आहे. गावात तो हरण्याचा अधिकार आपल्याला नाही.